छत्रीच्या काडीवरचा कॉम्प्युटर

मी शिकवलेल्या पहिल्या कॉम्प्युटरला ऐंशी पाय होते आणि त्यांतले निदान साठ अनवाणी. त्याला मधल्या सुट्टीआधीच भूक लागायची, मे महिन्यात तो आजोळी जायचा, आणि त्याची स्मरणशक्ती म्हणजे पांडू नावाचा मुलगा, आणि तो बाकाखाली वाकून मीठ लावलेली कैरी खायचा. तेव्हा हल्लीच्या तुमच्या कॉम्प्युटरांचं कौतुक मला सांगू नका. माझा भांडायचासुद्धा!

हसताय? खुशाल हसा. साठीचं दशक निम्मं सरलं होतं. सिंधुदुर्ग जिल्हा अजून जन्माला यायचा होता, आम्ही रत्नागिरीच्या शेपटाला होतो. कसालहून मालवणला जाणाऱ्या रस्त्यावर आमचं हायस्कूल. मी तिथे गणित आणि शास्त्र शिकवायची. एका मे महिन्यात शिक्षकांच्या प्रशिक्षणाला पुण्याला गेले, तर शेवटच्या दिवशी आम्हाला एका प्रयोगशाळेत नेलं आणि काचेपलीकडून 'यंत्रमेंदू' दाखवला. कपाटांची रांग, लुकलुकणारे दिवे, आणि भोकं पाडलेली कार्डं खाऊन उत्तर देणारं ते धूड! लग्नात नवऱ्याकडेसुद्धा मी इतकं टक लावून बघितलं नव्हतं. ह्यांनी हे वाचलं तरी हरकत नाही, ह्यांना ठाऊक आहे.

परत आले ती डोक्यात वारं भरूनच. हेडमास्तरांपुढे उभी राहिले आणि म्हटलं, नववीला यंत्रमेंदू शिकवते.

"यंत्र कुठाय?" हेडमास्तर म्हणाले.

"पुण्याला."

ते बराच वेळ चष्मा पुसत बसले. मग म्हणाले, "भूमिती पुरी करा. शनिवारी शेवटच्या तासाला तुमचा तो मेंदू. आणि तो परीक्षेत नाही हे मुलांना सांगा, नाहीतर पालक माझ्या डोक्यावर बसतील."

आता बाहेरच्यांसाठी थोडक्यात सांगते, यात काही जादू नाही. माहिती आत घ्यायची, जपून ठेवायची, सांगितलं असेल तसं तिच्यावर काम करायचं आणि उत्तर बाहेर द्यायचं. झाला कॉम्प्युटर. म्हणून मी वर्गातल्या चार रांगांना चार कामं वाटून दिली. पहिल्या रांगेनं संख्या घ्यायची, दुसरीनं ठेवायची, तिसरीनं बेरीज-वजाबाकी करायची, चौथीनं उत्तर ओरडायचं. अट एकच. सांगितलं तेवढंच करायचं, आपलं डोकं चालवायचं नाही.

आणि इथेच माझी बोंब झाली. मालवणी मुलाला एक वेळ समुद्र आटवायला सांगा, तो बादली घेऊन जाईल; पण आपलं मत देऊ नको म्हणून सांगू नका. पाचात दोन मिळवून पुढे दे म्हटलं, तर तिसऱ्या रांगेतून नऊ आले.

"नऊ कुठून आले रे?"

"वायच जास्त दिलंय, बाई. पुढच्याक कमी पडाक नको."

पांडूची तर तऱ्हाच वेगळी. "पांडू, तुझ्याकडची संख्या पुसून टाक."

"पुसलंय."

"आता तुझ्याकडे काय आहे?"

"कायएक नाय."

"शाबास!"

"पण पयली सतरा होती, बाई. ती काय मी इसारतंय काय?"

वर्ग खो खो हसायचा, मीही फळ्याकडे तोंड करून हसायची. त्या चाळिसांत सांगितलं तेवढंच आणि तसंच करणारी एकच होती, सुलू आरोंदेकर. ती चौथ्या रांगेत बसायची. समोरून आलेलं उत्तर चुकलेलं आहे हे तिला दिसायचं, तरी ते जसंच्या तसं ओरडायची आणि मग शांतपणे म्हणायची, "बाई, चूक तिसऱ्या रांगेत आसा." अशी पोरगी शिक्षकाला जन्मात एकदा मिळते. आणि तीच जूनपासून शाळा सोडणार होती.

कारण सरळ होतं. सुलू यायची कातळवाडीहून. धामापूरच्या बाजूला आत, शाळेपासून तीन मैल, वाटेत दोन व्हाळ. हे व्हाळ उन्हाळ्यात घोटाभर पाण्याचे, पावसात माणूस ओढून नेणारे. आदल्या पावसात वरचा साकव, म्हणजे ओंडक्यांचा पूल, वाहून गेला, आणि सुलू एकदा छातीइतक्या पाण्यातून दप्तर डोक्यावर घेऊन आली होती. तिचे वडील, आबा आरोंदेकर, मला बाजारात भेटून सांगून गेले. "बाई, नववी पुरी. मोटार इली तर चेडू शाळेत, नाय तर घरात. माझ्या जिवाक घोर नको." माणूस वाईट नव्हता. त्याच्या जागी मी असते तर मीही हेच म्हटलं असतं.

मोटारीला रस्ता होता. चिऱ्यांचे ट्रक त्याच रस्त्यानं जायचे. मी हेडमास्तरांची सही घेऊन कुडाळच्या डेपोला अर्ज केला, कातळवाडीवरून सकाळ-संध्याकाळ एक गाडी द्या. उत्तर आलं ते थेट साहेबांच्या हातचं. त्या रस्त्यावरची चाळीस मुलं भरली तर गाडी मिळेल. एकोणचाळीस भरली तर चालणं प्रकृतीला चांगलं असतं. पुढच्या शुक्रवारी स्वतः येऊन आकडा बघतो, असंही लिहिलं होतं. साहेब थट्टेखोर होते हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

आता शहाण्या बाईनं काय केलं असतं? वर्गावर्गात जाऊन हात वर करायला लावले असते. पण मला यंत्र चढलं होतं ना! म्हटलं, शाळेतल्या सगळ्या मुलांची माहिती कार्डांवर घालायची आणि साहेबांच्या डोळ्यांदेखत उत्तर पाडून दाखवायचं. पोरांचं यंत्र धड चालेना, तेव्हा पुठ्ठ्याचं करू. पुठ्ठा काही स्वतःचं मत देत नाही.

पुठ्ठे दिले इस्माईलशेटनी. बाजारात त्यांचं कापडाचं दुकान. धोतरजोड्यांचे रिकामे खोके त्यांनी माळ्यावरून काढून दिले आणि विचारलं, "बाई, यातून मेंदू काढणार? मग माझ्या नोकरासाठी पण एक काढा." भोकं पाडायला मालवण गाडीच्या कंडक्टरनं तिकिटाचा पंच दिला, तोही गाडी थांबलेली असतानाच. उतारू खिडकीतून डोकी काढून बघत होते आणि आमची पोरं जिवाच्या आकांतानं भोकं पाडत होती. हप्ताभर रोज गाडी दहा मिनिटं उशिरा मालवणला पोचली.

युक्ती सोपी होती. दर मुलाचं एक कार्ड, त्यावर त्याचं नाव-गाव. वरच्या कडेला ओळीनं भोकं, प्रत्येक भोक म्हणजे एक प्रश्न. उत्तर 'होय' असेल तर कात्रीनं त्या भोकाची कड कापून टाकायची, 'नाही' असेल तर भोक अख्खं ठेवायचं. सगळी कार्डं एकावर एक नीट रचली, हव्या त्या प्रश्नाच्या भोकातून छत्रीची काडी घातली आणि उचलून हलवली, की कापलेली कार्डं खाली पडतात आणि बाकीची काडीला लटकून राहतात. पडले ते होय, लटकले ते नाय. दोनशे बारा पोरांतून हवी ती पोरं दोन मिनिटांत बाहेर! मोडक्या छत्र्यांना आमच्याकडे काय तोटा? मी बारा काड्या जमवल्या आणि त्यांतली सर्वांत सरळ काडी कपाटात कुलपात ठेवली.

पण ही कार्डं पडण्याची बातमी गावात पोचली आणि त्याचं भलतंच झालं. देवाला कौल लावतात आमच्याकडे. मूर्तीला लावलेली फुलाची कळी उजवीकडून पडली की होकार, डावीकडून पडली की नकार. झालं, एक म्हातारी काकी लुगडं सावरत व्हरांड्यात हजर. झिल मुंबयसून चवतीक येतलो काय, तेवढा पाडून सांग म्हणाली. झिल म्हणजे मुलगा, चवत म्हणजे गणपती. मी तिला समजावलं, काकी, यात आपण जेवढं घालतो तेवढंच हे सांगतं.

"घातला तेवढाच?"

"तेवढंच."

"मगे ह्यो देव न्हय, बाय. ह्यो पोस्टमन." आणि म्हातारी चालती झाली. त्यानंतर मी किती व्याख्यानं ऐकली, पण कॉम्प्युटर म्हणजे काय ते इतकं नेमकं मला कोणी सांगितलं नाही.

मुलांनी फॉर्म भरले. नाव, इयत्ता, वय, गाव. कापायचं काम मी सुलूकडे दिलं. तिसरं भोक कातळवाडी रस्त्याचं. फॉर्मवर लिहिलेलं गाव त्या रस्त्यावर असेल तरच काप, म्हणून सांगितलं. तिनं तसंच्या तसं केलं. मी मुद्दाम तिसरं भोक आधी तपासून पाहिलं नाही. म्हटलं, साहेबांसमोर पहिल्यांदाच पाडू, मजा येईल. आली मजा!

शुक्रवारी दुपारच्या गाडीनं साहेब आले. पांढरीशुभ्र विजार, ओठांवर बारीक मिशी. व्हरांड्यात टेबल, टेबलावर कार्डांचा गठ्ठा, भोवती अख्खी शाळा. मी आधी त्यांना 'मुली किती' ते पाडून दाखवलं. साहेब खूश. मग 'वय बारापेक्षा कमी'. साहेब जाम खूश, स्वतः काडी हलवून बघितली. मग मी घसा साफ केला, तिसऱ्या भोकात काडी घातली आणि उचलली.

सात कार्डं पडली.

मी काडी आणखी हलवली. गदागदा हलवली. एक कार्ड आणखी पडलं, ते फाटलेलं होतं म्हणून. हेडमास्तर आभाळाकडे बघायला लागले. साहेबांनी लटकलेली कार्डं एकेक करून वाचली. "पेंडूर... आरोंदा... वेंगुर्लं... हे काय, हा मुलगा पेडण्याहून चालत येतो? गोव्यातून? रोज?"

"होय," पांडू म्हणाला. पेडण्याचं कार्ड त्याचंच होतं.

मला सगळं एकदम कळलं. आमच्याकडे कोणालाही गाव विचारा, तो जिथे राहतो ते सांगणारच नाही. ज्या गावात त्याच्या कुळाचा देव आहे, जिथे वर्षातून एकदा जत्रेला नारळ पोचतो, ते त्याचं गाव. तिथे त्याच्या पणजोबांनंतर कोणी एक रात्र झोपलेलं नसेल, घराचा चौथराही उरला नसेल, तरी गाव तेच. राहतो ती नुसती जागा! कातळवाडी रस्त्यावर राहणाऱ्या पोरांनी मोठ्या अभिमानानं सबंध कोकणपट्टी लिहून ठेवली होती. आणि सुलूच्या स्वतःच्या कार्डावर होतं आरोंदा. तिनं नेमानुसार स्वतःचंही कार्ड कापलं नव्हतं. ते काडीला लटकत होतं.

"सात मुलांसाठी," साहेब टोपी उचलत म्हणाले, "मला वाटतं सायकली बऱ्या पडतील."

तेवढ्यात सुलू पुढे आली. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता, पण आवाज चौथ्या रांगेतलाच. "साहेब, यंत्र बरोबर आहे. प्रश्न चुकला."

"म्हणजे?"

"साहेब, तुमचं गाव कुठलं?"

"राजापूर," साहेब छाती पुढे काढून म्हणाले.

"मग आज सकाळी राजापुरातून निघालात?"

"छे गं! राजापूर मी मुंज झाल्यानंतर बघितलेलं नाही. दहा वर्षं राहतोय कुडाळा..." आणि साहेब थांबले. मिशी थरथरली. मग ते जे हसत सुटले, ते खुर्चीत बसेपर्यंत. त्यांच्या पाठोपाठ हेडमास्तर, मग मी, मग दोनशे बारा पोरं. शेजारच्या घरातली माणसं बघायला आली, शाळेत कोणाला काय झालं म्हणून.

"चारच्या गाडीनं मी परत जाणार," साहेब डोळे पुसत म्हणाले. "तोवर विचारा पुन्हा."

नवा प्रश्न सुलूनंच काढला. आज सकाळी न्हाणीघरातलं पाणी खंयच्या बावीचा होता? विहिरीच्या बाबतीत मालवणी माणूस खोटं बोलत नाही. वर्गावर्गात पोरं धावली, कात्र्या कचाकच चालल्या. कातळवाडीचं नाव लावणारे पण बाजारात मामाकडे राहणारे दोघे निघाले, त्यांची कापलेली भोकं कागद आणि खळ लावून बुजवली. पावणेचारला पुन्हा काडी घातली. कार्डं पडताना सगळी शाळा मोठ्यानं मोजत होती. अडतीस, एकोणचाळीस... चाळीस!

चाळिसावं सुलूचं. कोणीतरी तिला उचललंच असतं, पण साहेबांनी हात वर केला. "थांबा. आकडा मला पटला. पण मघाशी सात होते आणि आता चाळीस. वरून विचारणा झाली तर मी काय विहिरी सांगू? सोमवारी पुन्हा येतो. चाळीसही पालकांनी यावं, राहण्याचं ठिकाण माझ्यासमोर सांगावं आणि सही करावी."

हे ऐकलं आणि सुलूचा चेहरा उतरला. मी विचारलं तर म्हणाली, "बाई, बाबा येवचे नाय."

आबांची गोष्ट कातळवाडीत सगळ्यांना ठाऊक होती आणि सगळे ती ठाऊक नसल्यासारखे वागत. लग्नानंतर वर्षभरात सासरे अंथरुणाला खिळले, घरात दुसरा पुरुष नाही, म्हणून आबा आरोंद्याहून चार दिवसांसाठी नारळ पाडून द्यायला कातळवाडीला आले. त्याला सोळा वर्षं झाली होती. सासरे गेले, सुलू झाली, नवे माड लागले, पण आबा पाहुणेच. घरजावई हा शब्द त्यांच्यासमोर उच्चारायची कोणाची छाती नव्हती. वाटेत भेटणारा शेजारीसुद्धा रीतीप्रमाणे विचारायचा, "मगे, जातलास कधी?" आणि आबा म्हणायचे, "बघूया, आयतवारी."

रविवारी मी कातळवाडीला गेले. सुलूनं पाणी आणि गूळ आणून ठेवला. तिची आई दाराआड उभी होती. काय लिहून द्यायचं ते मी कागदावर उतरवून नेलं होतं. आबांनी तो कागद दोनदा वाचला आणि परत माझ्या हातात दिला. "सही करूक माझी ना नाय, बाई. पण ह्या खोटा आसा. मी हंयचो रहिवासी न्हय. माझा घर आरोंद्याक."

"आबा, एका वाक्यासाठी पोरीची शाळा घालवणार?"

"तुमका कळाचा नाय."

माझं डोकं फिरलं. माझी जीभ तशीही लांबच. म्हटलं, "सोळा वर्षं इथलं खाताय! तुम्ही लावलेल्या माडांना नारळ धरले! पाहुणा म्हणे! पाहुण्याला लाज वाटली असती!"

दारामागून बांगड्या वाजल्या आणि थांबल्या. आबा उठले आणि आत गेले. सोळा वर्षं अख्ख्या वाडीनं जे जपलं होतं ते मी एका श्वासात उधळून दिलं होतं. परतीच्या तीन मैलांत मी स्वतःला जेवढ्या शिव्या घातल्या तेवढ्या कोणाला घातल्या नसतील. आजही ते आठवलं की कानशिलं तापतात. मी बोलायला नको होतं.

सोमवारी सकाळपासून व्हरांड्यात माणसांची रीघ. साहेब टेबलाशी बसून एकेकाला विचारत होते आणि लिहीत होते. नाव, राहणार, कधीपासून, सही. गाव सांगायला जो तो तोंड उघडायचा आणि मागून पोरं ओरडायची, "बावीचा सांग, बावीचा!" बाराच्या सुमाराला एकोणचाळीस सह्या झाल्या. साहेबांनी घड्याळ बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. सुलू खांबाला टेकून उभी होती. मी तिच्याकडे बघायचं टाळलं.

"बाई, अर्धा तास थांबतो," साहेब हळूच म्हणाले. चांगला माणूस. ते तासभर थांबले.

गाडीचा भोंगा वाजला, साहेबांनी कागद गोळा केले, तेव्हा फाटकातून आबा आले. नवा सदरा, डोक्यावर टोपी, आणि चार पावलं मागे सुलूची आई. माणसं आपोआप बाजूला झाली. कातळवाडीची सगळी वाडी तिथे होती, आणि त्या सगळ्यांनी एकाच वेळी दुसरीकडे बघायला सुरुवात केली. आबा थेट टेबलाशी गेले.

"नाव?"

"आबाजी विठू आरोंदेकर."

"राहणार?"

इतका वेळ कलकलणारी शाळा गप्प झाली. पांडूसुद्धा. आबांनी टोपी काढून हातात घेतली, एकदा बायकोकडे बघितलं, एकदा सुलूकडे.

"कातळवाडी."

साहेबांना बिचाऱ्यांना काय कल्पना! त्यांनी मान खाली घालून लिहिलं आणि पुढचा रकाना विचारला, "कधीपासून?"

आबा म्हणाले, "आजपास्ना लिवा."